बाथरूमचं बटण

तुमच्या घरी बाथरूमच्या लाइटचं बटण कुठे आहे? बाहेरच असणार. आमच्याकडेही बाहेरच होतं. अंघोळ करणारा आत आणि त्याचा उजेड बाहेरच्याच्या हातात, ही शक्कल कोणी काढली देव जाणे. बहुतेक घरांत त्याने काही बिघडत नाही. आमच्या घरात मात्र अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे, हौसेराव. साताऱ्याकडून आले, मार्केटात माथाडी म्हणून उभा जन्म गोण्या वाहिल्या, त्यातून कोपरखैरण्यातलं हे दोन खोल्यांचं घर झालं. माणूस कष्टाचा, ते मी नाकारत नाही. पण पाठीवर ओझं वाहिलं म्हणून घरी बायकोला ओझ्यासारखं वागवायचं, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. सासूबाईंनी उलट उत्तर दिलं, आमटीत मीठ जास्त पडलं, माहेरचा फोन लांबला, की अण्णा बोलायचे नाहीत. त्या अंघोळीला जाण्याची वाट बघायचे आणि बटण दाबायचे. आमच्या बाथरूमला खिडकी नाही. आत मिट्ट काळोख व्हायचा.

"आत काय लगीन लागलंय का, उजेड पायजे ते?" असं विचारून अण्णा हसायचे. आल्यागेल्यालाही हसत सांगायचे. ही म्हणे हौसेरावांची गंमत. डोंबलाची गंमत!

आणि ज्या बाईशी ही गंमत चालायची तिचं काम काय होतं माहीत आहे? माझ्या सासूबाई, शालन, तुर्भ्याच्या एका कारखान्यात लाइटची बटणंच जोडतात. स्प्रिंग बसवायची, पितळी पट्टी ठेवायची, झाकण दाबायचं, चालू-बंद करून बघायचं. लग्नानंतर काही वर्षांनी लागल्या, त्या अजून जातात. किती घरांतले दिवे त्यांच्या बोटांखालून गेले असतील! पण स्वतःच्या घरातल्या बोर्डाला हात लावायची सोय नव्हती. ते बाईमाणसाचं काम नव्हे, असं अण्णांनी ठरवलं होतं. बल्ब गेला तरी माझा नवरा सनी ड्यूटीवरून येईपर्यंत बसून राहायचं.

मी नवी नवरी होते. माहेरचे लोक भेटून गेले, गप्पांत स्वयंपाकाला उशीर झाला. माझ्या ते लक्षातही नव्हतं, अण्णांच्या होतं. दुसऱ्या दिवशी मी डोक्याला शाम्पू लावलेला आणि लाइट गेला. मला वाटलं, एरियातली वीज गेली. चाचपडत नळ शोधायला गेले, पाय सरकला आणि गुडघा फुटला. बाहेरून हसण्याचा आवाज आला तेव्हा कळलं. इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. कसली लाज, ते आजही सांगता येत नाही.

सासूबाईंनी गुडघ्याला हळद लावली. हळू आवाजात म्हणाल्या, "डोळं मिटूनच अंघोळ करत जा, बाय. मी तशीच करते. म्हंजी लाइट गेला तरी समजत न्हाई."

बोलून झालं आणि त्या तशाच बसल्या. बोटाला हळद, नजर माझ्या गुडघ्यावर. स्वतःच्याच तोंडचे शब्द त्यांना ऐकू आले असावेत.

दोन दिवसांनी कारखान्यातून येताना त्यांनी पिशवीतून एक पांढरी गोल डबी आणली. डबीला खाली दोरी होती. ही बटणं परदेशी जातात, हे त्यांना या खेपेला कारखान्यात विचारल्यावर कळलं. तिकडे बाथरूमचं बटण आतच असतं. ओला हात लागू नये म्हणून डबी छताला बसवतात आणि खालून दोरी ओढतात. सासूबाईंनी अशी ढिगाने जोडली होती, आणि दरवेळी त्यांना प्रश्न पडायचा की बटणाला दोरी कशाला.

"आता समजलं कशाला," त्या म्हणाल्या.

रविवारी अण्णा पारावर गप्पा मारायला गेले. सासूबाईंनी पदर खोचला, मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि बोर्ड उघडला. बाथरूमच्या बटणाच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या. रिकाम्या जागी बिनबटणाची कोरी पट्टी बसवली. मग स्टुलावर चढून बल्बाकडे जाणारी वायर वर छताशी तोडली आणि मध्ये ती डबी घेतली. मी स्टूल धरून उभी होते. मेन चालू केला. त्यांनी दोरी ओढली, लाइट लागला. पुन्हा ओढली, गेला. दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

अण्णा आले, बोर्ड बघितला आणि भडकले. "कुणाला इचारून हात लावलास? घर कुणाचं हाय?"

"घर दोघांचं," सासूबाई म्हणाल्या. "अंघोळ माझी."

"आजच्या आज व्हतं तसं कर. न्हाईतर घराबाहेर हो!"

दिवेलागण झाली होती. सासूबाईंनी टॉवेल घेतला, आत गेल्या, कडी लावली. दोरीचा खट् असा आवाज आला. दाराखाली उजेडाची रेघ दिसली.

अण्णा उठले. सवयीने अंगठा बोर्डावर गेला तो कोऱ्या पट्टीवर घसरला. मग त्यांनी रागाने दिसेल ते बटण दाबलं. ट्यूब गेली, पंखा थांबला, टीव्ही बंद पडला. बाहेरच्या खोलीत काळोख झाला. बाथरूमच्या दाराखालची रेघ होती तिथेच होती. अण्णांनी मान वळवली. मेनचा डबा घराच्या दाराच्या वर होता.

मी जाऊन त्या दारात उभी राहिले. "अण्णा, बस झालं. मेनला हात लावायचा नाही."

माझ्या तोंडून हे ऐकायची त्यांना सवय नव्हती. मेनकडे उचललेला हात तसाच राहिला.

आतून पाण्याचा आवाज थांबला. "वैशाली, भाईर टीव्ही का बंद झाला गं?"

"अण्णांनी सगळी बटणं बंद केली, आई. आम्ही अंधारात उभे आहोत."

सासूबाई इतक्या मोठ्याने बोलल्या की शेजारीही ऐकू गेलं असेल.

"अवं, मग लावा की! तुमचं बटण तुमच्याच हातात हाय!"