टोमॅटोवालीचं मौन

शहराच्या मधोमध एका मोकळ्या मैदानावर दर रविवारी शेतकरी आपापला माल घेऊन बसत, आणि कोपऱ्यातली मोक्याची जागा टोमॅटोवालीची. बाजारात तिला सगळे तोफ म्हणत. मागून, अर्थात, तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती! टोमॅटो विकायला मांडायचे आणि गिऱ्हाइकाला त्यांना हात लावू द्यायचा नाही, असा तिचा धंदा. "दाबून काय बघताय? नाडी लागतेय का?" असं ती भल्याभल्यांना सुनवायची.

शेवटी कुणीतरी तक्रार केलीच. बाजार समितीच्या प्रमुखांनी बजावलं, "आणखी एक तक्रार आली की जागा खाली करायची." तिच्यासोबत बाजारात बसणाऱ्या सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं घर त्या जागेवर चालत होतं.

पुढच्या रविवारी टोपल्या मांडता मांडता ती सासूला म्हणाली, "आई, आज एक शब्द बोलायचा नाही. माझी शपथ आहे."

सासू शब्दाची पक्की. लिमलेटची गोळी तोंडात टाकून तिनं जे ओठ मिटले ते मिटले. लोक आले, टोमॅटो दाबले, दचकत वर पाहिलं. काहीच नाही. एका बाईनं तर चार-पाच टोमॅटो दाबून वाट पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "आज ओरडत नाही, म्हणजे माल जुना दिसतोय. चल बाई." बातमी बाजारभर झाली. ऊन डोक्यावर आलं तरी टोपल्या भरलेल्याच. सून रडकुंडीला आली आणि सासू आपली आभाळाकडे बघत गोळी चघळतेय.

तेवढ्यात प्रमुख स्वतः आले. "वा, किती शांतता!" म्हणत त्यांनी एक टोमॅटो उचलला आणि अंगठ्यानं चांगला दाबला. "पण माल शिळा आहे म्हणतात, खरं का?"

"शिळा?" अख्खा बाजार वळला. आवाज सुनेचा होता. "पहाटे तोडलाय मी, माझ्या हातांनी! आणि तो अंगठा काढा आधी. घरी पोरांचे गाल असेच दाबता का?"

प्रमुखांनी अंगठा काढला. मघाची बाई धावत परत आली, तिच्यामागे पिशव्याच पिशव्या.

"आई, गेली आता जागा," सून म्हणाली.

शपथ घालणारीच बोलली म्हटल्यावर सासूचं तोंडही अभिमानानं उघडलं. "साहेब, तक्रार लिहायची तर लिहा. पण नाव सुनेचं घाला."

"तक्रार करायला उरलंय कोण?" प्रमुख म्हणाले, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.