अडखळणाऱ्या हातांचं मराठी

साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडली तेव्हाच अंगात त्राण नव्हतं. कर्णबधिर माणसांच्या खुणांचं मराठी करणारी मी दुभाषी. मानसोपचाराच्या दवाखान्यांत मला बोलावतात. या महिन्यातली ही चौथी फेरी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तशी कोल्हापूरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी तासभर रखडली.

स्टँडवरून शाहूपुरीत गेले, लोणी डोसा मागवला. मी घाईने गिळतेय हे ओळखीच्या मालकाने पाहिलं. "पावणं, निवांत खावा की. दवाखाना कुटं पळून जात न्हाय." मीही मग दुसरा मागवला.

दवाखान्यात रफीक (नाव बदललंय) आईबरोबर मलकापूरहून आला होता. शिवणकाम करतो. गेल्या वर्षी त्याला नको नको ते भास व्हायचे. आता गोळ्यांनी निवलाय. डॉक्टरांचे प्रश्न मी खुणांनी सांगायचे, त्याच्या खुणा मराठीत. आज त्याची बोटं आखडत होती, खुणा अर्ध्यावर सुटत होत्या. राहिलेलं मी जोडून घेत होते. मागच्या महिन्यातही तेच केलं होतं. तुटकं वाक्य पुढे ठेवायची मला लाज वाटते, खोटं कशाला सांगू?

"छान बोलतोय," डॉक्टर म्हणाले. "याच गोळ्या चालू ठेवू."

मी ते रफीकला सांगितलं.  मग त्याने तर्जनी गालावर नेली. गालावर बोट फिरवणं ही त्याच्या लेकीच्या नावाची खूण. बोट गालाला लागलं, पण फिरेना. लेकीला हाक मारता येत नाही, हात दगड झालेत, उद्यापासून गोळ्या बंद, असं त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

गोळ्या एकदम सुटल्या तर पुन्हा गेल्या वर्षीचे दिवस. मी घाबरले.

त्याचं सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाले, "डॉक्टर, छान बोलत होते ती मी. याचे हात अडखळतात. मी ते झाकत आले."

डॉक्टरांनी त्याचं मनगट धरून कोपर वाकवून पाहिलं, गोळीनेच हात आखडलेत म्हणाले आणि गोळी बदलली. मनाने बंद करायची नाही, हे मी दोनदा सांगितलं. रफीकने मान हलवली.

बाहेर त्याच्या आईने मला गाठलं. "बाई, ह्ये आदीच का न्हाय बोललासा? म्हयनाभर सोसतंय की पोरगं!"

"चुकलं माझं," एवढंच म्हणता आलं.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली, पण डोळा लागला नाही. माझ्या मराठीचं लोक कौतुक करतात, मलाही ते आवडतं. त्याच मराठीने एका बापाला महिनाभर मुकं केलं होतं.