पूजेला वारस मागताना

कशेळीच्या खाडीकाठी एक लहानसे शिवालय आहे. तेथील नित्यपूजा कित्येक पिढ्या आमच्या घराण्याकडे चालत आली. पूर्वी देवळाभोवती भातखाचरे होती, आता गोदामे आहेत. कंटेनर वळवणारे चालक आमच्या पायरीला चाक घासतात आणि तेथूनच हात जोडतात. त्याविषयी माझी कधीच तक्रार नव्हती. परंतु अलीकडे माझा उजवा हात कापू लागला. अभिषेकाचे पाणी पिंडीवर पडण्याऐवजी माझ्याच मांडीवर सांडू लागले, तेव्हा आपल्यामागे ही पूजा कोण करील, हा प्रश्न टाळण्याजोगा राहिला नाही.

माझा एकुलता मुलगा इटलीत असतो. भिवंडीच्या एका कारखान्यात नवे माग बसवायला तिकडचे तंत्रज्ञ आले होते. त्यांच्या हाताखाली तो काम शिकला आणि पुढे त्यांच्याच देशी गेला. रोमच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका गावात त्याने बिऱ्हाड केले आहे. त्याला हे फोनवर विचारणे मला प्रशस्त वाटेना. असे मागणे समोर बसूनच करावे. माझ्या वडिलांनी समुद्र न ओलांडण्याचा नियम जन्मभर पाळला होता. परतल्यावर प्रायश्चित्त घेण्याचे ठरवून मी तो मोडला.

निघण्यापूर्वी गावच्या पाटलांना भेटलो. देऊळ त्यांच्या पूर्वजांनी बांधले आणि भोवतालची गोदामेही आज त्यांचीच आहेत.

"भटजी, खुशाल जा," ते म्हणाले. "तवर पानी मी घालतो. मंतर मला येत न्हाय, तेवढं देवाला सांगून ठेवा."

"सांगितले आहे."

"आन पोराला घेऊनच या. का तिकडच्या समिंदराला भुलून तुमीच ऱ्हानार? मंग आमचा महादेव पोरका."

तिकडे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या सज्ज्यात आसन घातले. समोर निळा, स्वच्छ समुद्र होता. आचमन करून संकल्प म्हणू लागलो. संकल्पात आपण कोठल्या भूमीवर, कोणत्या नदीच्या काठी बसलो आहोत, हे देवाला सांगावे लागते. साठ वर्षांच्या सवयीने जीभ बोलून गेली, 'दण्डकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे'. मागे मुलगा कॉफी पीत उभा होता. तो हसला.

"बाबा, गोदावरी इथून बरीच लांब आहे. आणि ही बाजू दक्षिण तीर धरायची, की पश्चिम?"

चूक माझीच होती आणि तिचे परिमार्जन करणे प्राप्त होते. पण माझे मन भलतीकडेच लागले. याला संकल्प अजून पाठ आहे. मुंजीत शिकवलेले शब्द वीस वर्षे परदेशात राहूनही पुसले गेले नाहीत. एवढ्या एका आधारावर मी पुढचे सगळे दिवस आशा बांधून राहिलो.

ते गाव उन्हाळ्यात पाहुण्यांनी भरलेले असते. वाळूत एका रंगाच्या छत्र्या सरळ ओळींत रोवलेल्या असतात. त्यांच्यालगत उघड्या अंगाने पहुडलेली माणसे पाहून प्रथम मला संकोच वाटला. पुढे पाहिले, तर ती सूर्याकडे मुख करून इतकी निश्चल असत, की आपल्याकडे जपालाही माणसे एवढी स्थिर बसत नाहीत. जुन्या वस्तीत रोमन लोकांनी घातलेली फरसबंदी अजून टिकून आहे. तिच्यावरून मुले आइसक्रीम खात जातात. गावामागच्या डोंगरावर एक पुरातन देवस्थान आहे असे सूनबाईने सांगितले, तेव्हा जे विचारायचे ते तेथेच विचारावे, असे मी मनाशी ठरवले.

मुलगा मला गाडीने वर घेऊन गेला. डोंगराच्या कड्यावर दगडी कमानींची एक प्रचंड रांग होती आणि तिच्या माथ्यावर नुसता चौथरा.

"हे कोणाचे स्थान?"

"ज्युपिटरचं, बाबा."

वेदांमध्ये ज्याला द्यौष्पितर् म्हटले आहे, तो आकाशरूप पिता आणि हा देव मुळात एकच, असे पंडित मानतात. पाठशाळेत ते नाव मी उच्चारले होते. त्याचे घर मात्र आज प्रथम पाहत होतो. मी पादत्राणे काढली.

"चपला घाला, बाबा. गवतात काचा असतात."

"देवाच्या दारी?"

"इथे आता देव नाही," तो सहज म्हणाला.

गाभाऱ्याच्या जागी गवत वाढले होते. कठड्यापाशी लोक समुद्राकडे पाठ करून छायाचित्रे काढत होते. कोणे एके सकाळी येथून एक पुजारी घरी गेला असेल आणि दुसऱ्या दिवशी आला नसेल. त्याची आठवण कोणाला असणार? मी तेथल्या एका दगडावर बसलो आणि मुलाला म्हणालो, "माझ्यानंतर खाडीवरच्या देवाची पूजा तू करावीस, हे मागायला मी आलो आहे."



"नोकरीची अडचण नाही, बाबा. येता येईल. तुम्ही म्हणाल तर हिलाही पटवीन." मग तो माझ्याजवळ खाली बसला. "पण मला त्या पिंडीत काही दिसत नाही. लहानपणीही दिसलं नाही. मंत्र पाठ आहेत, ते म्हणेन. पाणी घालीन. तुम्हाला चालेल का?"

त्याने हे उद्धटपणे विचारले नाही. तसे विचारले असते तर मला रागावता आले असते. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता. 'चालेल' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला. देऊळ उघडे राहिले असते, दिवा लागला असता, गावाला काहीही कळले नसते. पण श्रद्धेवाचून केलेले कर्म म्हणजे देवापुढे उभे राहून बोललेले असत्य, हे मीच त्याला शिकवले होते. तो शिकला, म्हणूनच तर त्याने विचारले.

"नाही," मी म्हणालो. "चालणार नाही."

त्याने मान हलवली. त्याच्या मुद्रेवर सुटकेची छटा दिसली. ती पाहिली नसती तर बरे झाले असते.

परतल्यावर पाटलांनी देवळातच गाठले. "पोरगा कवा येनार?"

"येणार नाही."

"मंग तुमच्या मागारी?"

"कोणी नाही."

त्यांनी पिंडीकडे पाहिले. मग मला धीर देण्यासाठीच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, भटजी. बिजलीवरचं यंत्र मिळतं. घंटा, नगारा, झांज, सगळं एकदम वाजतं. आमचा वाचमन बटन दाबंल. पिंडीवर नळाची बारीक धार सोडू, दिवसरात पानी."

आठवड्याभरात यंत्र बसले. पाटलांनी मला सन्मानाने बोलावून पहिल्यांदा चालवून दाखवले. नाद उत्तम होता, तालात कोठेही खोट नव्हती. "कसं हाय?" त्यांनी विचारले. त्यांच्या डोळ्यांत खरा भक्तिभाव होता. "चांगले आहे," मी म्हणालो. ते वाजत असताना माझ्या तोंडचा मंत्र मलाच ऐकू येईना.