पंखा लागला का?

ठाण्यापासून कल्याणपर्यंत अशी एकही गाडी नसेल, जिचं बॉनेट माझ्या मामेसासऱ्यांनी उघडायला लावलेलं नाही. सोसायटीच्या चेअरमनची झाली, डॉक्टरांची झाली, मतं मागायला आलेल्या उमेदवाराचीसुद्धा झाली. लोक भेटल्यावर 'कसं काय' विचारतात, आमचे हे मामा विचारतात, "पंखा लागतो ना?" पंखा म्हणजे रेडिएटरमागचा, इंजिन थंड करणारा. घरातल्या पंख्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यांच्या बाळकुमच्या फ्लॅटमधला पंखा तीन वर्षं दोनवर अडकलाय आणि मामी बोलून बोलून थकल्यात.

तपासणीचं शास्त्र ठरलेलं. गाडी जागेवर चालू ठेवायची, एसी बंद, बॉनेट वर. मामा हात पाठीशी बांधून, मान तिरकी करून, डोळे मिटून उभे राहणार. दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन तापतं आणि पंखा घर्रर्र करत लागतो. तरी मामा हलत नाहीत, कारण तो बंद होऊन पुन्हा लागायला हवा. "एकदा लागला तो योगायोग, जावईबापू. दुसऱ्यांदा लागला तो पंखा." मध्ये हात घालायला सक्त मनाई. फारच शंका आली तर पुढच्या जाळीवर कागद धरायचा. पंखा चालू असेल तर तो आत ओढला जाऊन थपकन चिकटतो. माझ्या मुलीला हे त्यांनी ती तिसरीत असताना चॉकलेटच्या कागदावर शिकवलं. पाढे मात्र मलाच घ्यावे लागले.

मी एकदा शहाणपणा केला. "मामा, एसी लावला की लगेच फिरतो. कशाला ताटकळायचं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत कॉपी करायचा सल्ला दिलाय. "एसी लावून मोटर जिवंत आहे एवढंच कळतं. इंजिन तापलंय हे कळायला सेन्सर लागतो. सांगितल्यावर धावणारे पुष्कळ असतात हो! न सांगता धावला पाहिजे."

त्यांच्या पुतण्याच्या लग्नात तर कहरच झाला. कल्याणच्या हॉलबाहेर नवरानवरीची गाडी झेंडूच्या माळांनी मढवून उभी, आणि मामांनी माळा सोडवून बॉनेट उघडलं. मुलीकडच्या बायकांना वाटलं, ही मुलाकडची रीतच असणार. मागे कसं राहायचं? दोघीजणी तबक घेऊन धावल्या आणि इंजिनाला हळदकुंकू लावून ओवाळून मोकळ्या झाल्या. आम्ही तोंडात रुमाल कोंबून उभे. मामा मात्र गंभीरपणे म्हणाले, "अक्षता आत टाकू नका."

या वेडाचं मूळ माझ्या बायकोच्या दहावीत आहे. बीजगणिताच्या पेपराला मामा तिला आपल्या गाडीतून नेत होते. माजिवड्याच्या सिग्नलला पंखा बंद पडला, इंजिन उकळलं, आणि भाची अर्धा तास उशिरा पोचली. ती आजही हसत सांगते, "अहो, मला तसंही बीजगणित येत नव्हतं." पण मामांनी तो अर्धा तास स्वतःला कधी माफ केला नाही.

म्हणूनच यंदा मुलीच्या प्रवेश परीक्षेचं केंद्र माजिवड्याच्या पुढे आलं, तेव्हा मी मामांना मुद्दाम कळवलं नाही. साडेआठला फाटक बंद होणार होतं. सहाला डोंबिवलीतल्या आमच्या पार्किंगमध्ये उतरतो तर मामा हजर! कुठून कळलं कोण जाणे, पहिली बस पकडून आले होते. म्हटलं, भोगा आता. बॉनेट उघडलं, पंधरा मिनिटांनी पंखा लागला, आणि मी दार उघडलं.

"थांबा," मामा डोळे मिटूनच म्हणाले. "लागला नाही अजून."

"मामा, फिरतोय की!"

"मला शिकवू नका. पंखा गेलाय. ही गाडी जाणार नाही, रिक्षा बघा." आणि ते सरळ गाडीसमोर आडवे उभे राहिले. सात वाजत आले. मुलीचे डोळे भरले, बायको रडकुंडीला आली, आणि माझा तोल सुटला. "अहो, बहिरे झालात का?"

बोललो आणि माझा मीच चपापलो. कारण मामांना तेही नीट ऐकू आलेलं नव्हतं. ते नुसतेच माझ्या तोंडाकडे बघत होते.

मुलीने हॉलतिकिटाची झेरॉक्स पिशवीतून काढली आणि जाळीवर धरली. कागद थपकन चिकटला. मामा त्या कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लागलाय. निघा, उशीर करू नका." बॉनेट त्यांनीच लावलं. आरशात मला दिसले तेव्हा कानात करंगळी घालून हलवत होते. वेळेत पोचलो, पेपर झाला, पण मला दिवसभर घास गोड लागला नाही.

आता मामांच्या कानाला यंत्र आहे. त्यातून म्हणे पंखा आणि मिक्सर सारखेच वाजतात. त्यांनी लोकांना बॉनेट उघडायला सांगणंच सोडलं, आणि सोसायटीतल्या ज्या लोकांनी इतकी वर्षं कपाळाला हात लावला, तेच आता मामींना विचारतात, "काका बरे आहेत ना?"

गेल्या रविवारी मी बाळकुमला गेलो, गाडी चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि मामांना खाली बोलावलं. त्यांनी कागद धरला, मी मान तिरकी करून डोळे मिटले. एकदा लागला. बंद झाला. उन्हात घाम पुसत थांबलो. पुन्हा लागला.

"आवाज कसा आहे?" मामांनी विचारलं.

"पूर्वीसारखाच."

त्यांनी मान डोलावली. कागदाची घडी खिशात घालून माझ्याकडे बघितलं. "आज काय काम काढलंत? मामीने बोलावलं?"

"नाही, असाच आलो."

"कुणी न सांगता?"

"न सांगता."

मामा किती दिवसांनी मोकळे हसले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सेन्सर चांगला आहे हो तुमचा!"