पेट्रोल नव्हे, रॉकेल

ती घटना आठवली की आजही स्वतःचाच राग येतो. नागपूरला उतरायला निघालेले एक छोटे जेट विमान वर्धा जिल्ह्यात, आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत, सोयाबीन काढलेल्या शेतात पडले. उतरता उतरता दोन्ही इंजिनांचा जोर गेला होता. सहवैमानिक जागीच दगावला, वैमानिक दवाखान्यात. आम्ही पोहोचलो तेव्हा पंखातल्या फुटक्या टाक्या कोरड्या होत्या. इंधन न तपासता निघाला, असे धरून मी वैमानिकावर निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा नोंदवला. तो मात्र एकच सांगत होता, तेल पुरेसे होते.

तिसऱ्या दिवशी पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, तुम्ही यायच्या आधी अर्धं गाव डबे घेऊन गेलतं तिथं."

म्हणजे टाक्या गावाने रिकाम्या केल्या असतील, तर वैमानिक खरे बोलत होता. दहा जणांना चावडीवर बोलावले. पेट्रोल कोणी नेले? सगळ्यांचे एकच उत्तर, "पेट्रोल नाई नेलं, साहेब." लेकरांच्या शपथा घेतल्या. दोन दिवस मी टेबल आपटत बसलो. शेवटी माझा इथलाच, नाचणगावचा हवालदार कानाशी लागला, "साहेब, जेटचं तेल रॉकेलच्याच जातीचं राह्यते. त्यायले रॉकेल विचारून पाहा."

विचारले. समोरच्या मावशी चिडल्याच. "मंग रॉकेल म्हणा ना! दोन दिवसापासून पेट्रोल पेट्रोल काय करून राह्यले? रेशनवर भेटत नाई, वाया चाललं होतं, भरलं म्या. पण काय कामाचं ते? इष्टो फडफड करते अन् इझून जाते."

स्टोव्ह का विझतो, हे डबा उघडल्यावर दिसले. तळाशी पाणी आणि शेवाळासारखा बुळबुळीत गाळ. पंचांसमक्ष सहा घरांतले डबे सीलबंद केले. सहाही डब्यांत तेच. पुढे इंजिनांचे फिल्टरही त्याच गाळाने चोंदलेले सापडले. तेल भरपूर होते, पण खराब होते.

गाव माझ्याशी खोटे बोलले नव्हते. मीच चुकीचा शब्द धरून बसलो होतो. त्यानंतर कुणाचाही जबाब घेताना त्या वस्तूला तो माणूस घरात काय म्हणतो, हे मी आधी विचारू लागलो.

दवाखान्यात जाऊन वैमानिकाला सगळे सांगितले. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही सगळे इतक्या ठामपणे सांगत होता, की मलाही वाटायला लागलं होतं, तेल न बघताच मी माझ्या सहवैमानिकाला घेऊन निघालो."

मी त्याची माफी मागितली. सबंध नोकरीत आरोपीची मागितलेली ती एकच.