जुळ्यांपैकी युद्धावर गेलेला

माझा दीर लुसियन व्हिएतनामहून धडधाकट परतला, असं सगळे म्हणत. हातपाय शाबूत म्हणजे धडधाकट! दार आपटलं की स्वारी टेबलाखाली. बायको सोडून गेली. बुटांच्या कारखान्यातली नोकरी टिकली, ती हाताला सफाई होती म्हणून. नोव्हेंबरात आमच्या अमेरिकेतल्या लुइस्टन गावचे झाडून सगळे पुरुष बंदुका घेऊन हरणं मारायला जातात. हा तेवढे दिवस गोळ्यांचे आवाज ऐकू नयेत म्हणून तळघरात रेडिओ मोठ्याने लावून बसे.

त्याचा जुळा भाऊ नॉर्मंड, म्हणजे माझा नवरा. हॉकीत गुडघा मोडला म्हणून सैन्याच्या सक्तीच्या भरतीतून सुटला. ‘लुसियन जन्माचाच भित्रा, पाळण्यातसुद्धा दचकायचा,’ हे त्याचं पालुपद. जसा काही हा शेजारी पहारा देत होता! भाऊ जन्मापासूनच तसा ठरला की आपण घरी राहिल्याची टोचणी लागत नाही, एवढं मला कळत होतं. चीड यायची.

मग बॉस्टनच्या डॉक्टरांचं बोलावणं आलं. एक लढलेला आणि एक घरी राहिलेला, अशा हुबेहूब जुळ्यांच्या पुष्कळ जोड्या त्यांना हव्या होत्या. कानात अचानक मोठा आवाज सोडायचा आणि छातीचे ठोके मोजायचे. दोघंही दचकून उडाले, तर ते जन्माचं. लढलेलाच उडाला, तर ती युद्धाची करणी. लुसियन लगेच तयार झाला. तीस वर्षं त्याला हेच जाणून घ्यायचं होतं.

बॉस्टनच्या दवाखान्यात ऐन वेळी मात्र त्याचा चेहरा पांढराफटक पडला. नॉर्मंड कुजबुजला, “तुझ्या नावावर मी बसतो. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरच्या तोंडी परीक्षेला तुझ्या जागी नव्हतो का जात?”

“नको.”

“अरे, कोणाच्या बापाला कळतंय!”

“मूर्खा, माझ्या नावावर तू शांत बसलास तर ते काय लिहितील? लढलेला शांत आणि घरी राहिलेला उडाला. म्हणजे युद्धाने काहीच केलं नाही. मग मी आहेच भित्रा!”

शेवटी दोघं आपापल्या नावानेच वेगवेगळ्या खोल्यांत गेले.

लुसियन बाहेर आला तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मी त्याला बाकावर बसवलं. मग नॉर्मंड जांभई देत आला. “कसला आवाज नि कसलं काय! मला तर डुलकी—”

भावाकडे नजर गेली आणि तो थांबला. कोणाचे ठोके किती, हे डॉक्टर सांगत नाहीत. इथे सांगायची गरजच नव्हती.

लुसियनने हळूच विचारलं, “म्हणजे मी आधी असा नव्हतो ना रे?”

नॉर्मंड त्याच्याशेजारी बसला. त्याची मान वर होईना.

“नव्हतास,” तो म्हणाला. “माझ्यासारखाच होतास.”

लुसियन हुंदके देऊन रडायला लागला.