बारतोंडीच्या मुळाची साल

गोजरबाईबद्दल मी काही गोड बोलेन असं वाटत असेल तर आधीच सांगतो, जमणार नाही. मी तिच्यावर जळत होतो. सरळ जळत होतो.

मी बुधाजी. उल्हासनगरच्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट. सत्तर सालापासून नळ्या, बाटल्या, काचेच्या प्लेटी धुतोय. माझ्या हातची प्लेट उजेडात धरा आणि एक डाग दाखवा, बोला! आणि ही बाई बदलापूरच्या पलीकडच्या गावातून यायची, आमच्या कॅम्प एकच्या बाजारात गोणपाट टाकून मुळ्या विकायची. नवरा लवकर गेला, दोन मुली तिनं त्या मुळ्यांवरच उजवल्या. सिंधी दुकानदारांच्या बायका तिला ‘माई, माई’ करायच्या. गळू असो, खरूज असो, चिघळलेली जखम असो, हिच्याकडं इलाज एकच. बारतोंडीचं मूळ उगाळून लावा.

सत्याऐंशी साली आमच्या हेमचंद्र सरांच्या पायाचं गळू तिनं बरं केलं आणि सर तिला थेट लॅबमध्ये घेऊन आले. आत आल्या आल्या काय म्हणाले? ‘‘बसा गोजरबाई.’’ स्वतःची खुर्ची पुढं केली! सतरा वर्षं मी त्या खोलीत उभा होतो, मला कधी कुणी ‘बस’ म्हटलं नव्हतं. वर मलाच हुकूम, ‘‘ए बुधाजी, बाईंना चहा आण.’’ आणला. करतो काय?

सर मुळं कुटून स्पिरिटमध्ये भिजवायचे. गाळून, स्पिरिट उडवून जो अर्क उरायचा त्यात कागदाची टिकली बुडवायची आणि जंतू वाढवलेल्या प्लेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ रिंगण दिसलं की समजायचं, तिथले जंतू मेले. गोजरबाईच्या मुळाचं रिंगण चार आण्याच्या नाण्याएवढं पडलं. सर नाचायचेच बाकी राहिले. बाई वाकून बघत म्हणाली, ‘‘मरतातच वो ते. मी काय उगं सांगते?’’ सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

मग सर म्हणाले, ‘‘परिषदेत निबंध वाचणार आहे मी. छापून येईल. तुमचं नाव टाकतो त्यात.’’

‘‘माझं नाव? छापून?’’ बाईनं पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून ती दर खेपेला विचारायची, ‘‘छापलं का वो?’’ अंबरनाथला घरी आलो तरी ते माझ्या कानात वाजायचं. बायको, विठा, म्हणाली, ‘‘तिचं नाव आलं तर तुमचं काय जातंय?’’ माझंच जातंय की, म्हटलं! सतरा वर्षं प्लेटी कोण धुतंय?

परिषदेला दहा दिवस होते. सरांना शेवटची एक तपासणी करायची होती. बाई ताजी मुळं घेऊन आली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘दादा, नुसती माती झाड. घासू नको हां.’’

मला! मला धुवायला शिकवते? तळपायाची आग मस्तकात गेली. ती वळली तशी मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, काथ्या घेतला आणि मुळं अशी घासली की बस. पाणी आधी पिवळं झालं, मग लालभडक. काहीतरी निघून चाललंय हे मला कळत होतं. खोटं कशाला बोलू, कळत होतं. तरी साल पार निघून आतलं लाकूड पांढरं होईपर्यंत मी हात थांबवला नाही.

मुळं वाळली, अर्क झाला, पण रिंगण पडलं नाही. एकाही प्लेटीत नाही. सर भडकले. बाई आली तसे तिच्यावर खेकसले, ‘‘बाजारात काहीही खपवता, तसं इथंही?’’ ती खुर्चीतून उठली. ‘‘साहेब, मूळ तेच हाय,’’ एवढंच म्हणाली आणि गेली. मला बरं वाटलं. हो, वाटलं.

संध्याकाळी सरांची नजर माझ्या पिवळ्या तळव्यांवर गेली. खोदून विचारलं, मी सांगून टाकलं. आता नोकरी गेली असं समजून चाललो होतो. तर सर ओरडले, ‘‘सोड्यात लाल झालं? अरे, तोच तर जंतू मारणाऱ्या द्रव्याचा पुरावा!’’ लगेच आधीच्या खेपेच्या उरलेल्या मुळांची साल वेगळी, लाकूड वेगळं करून पाहिलं. सालीभोवती रिंगण, लाकडाभोवती काही नाही. औषध सगळं सालीत. निबंधच बदलला. सर मला म्हणाले, ‘‘बुधाजी, बस.’’ बसलो, पण जमेना. उठलो.

निबंध छापून आला. इंग्रजीत. शेवटी आभारात एकच नाव, माझं. ‘‘आणि गोजरबाई?’’ मी विचारलं. सर म्हणाले, ‘‘तिचं पूर्ण नाव कुणाला माहितीये? राहिलं. भेटली तर यायला सांग.’’

दोन महिने माझा पाय तिकडं वळला नाही. मग एका रविवारी तो कागद घेऊन कॅम्प एकला गेलो. ती गोणपाटावर बसली होती. मला बघून पहिलं काय विचारलं असेल? ‘‘दादा, माझं मूळ खोटं नव्हतं ना?’’

‘‘नव्हतं,’’ मी म्हटलं. ‘‘मीच घासलं होतं. तू नको म्हटलं तरी.’’

ती पुढ्यातल्या मुळ्या सारख्या करू लागली. माझ्याकडं बघितलंच नाही. मग हातातल्या कागदाकडं मान करून म्हणाली, ‘‘छापलं का?’’

मला काय झालं कुणास ठाऊक. खाली बसलो, कागद उघडला, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, ‘‘हे बघ. हे तुझं नाव.’’

तिनं हात लुगड्याला पुसले. त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, हळू, दोनदा. मग शेजारच्या भाजीवालीला हाक मारली, ‘‘अगं ये, बघ, ही मी!’’ कागद मागून घेतला. माझं नाव छापलेला तेवढा एकच कागद होता माझ्याकडं. तो घेऊन ती दुकानोदुकानी दाखवत सुटली आणि मी तिथंच तिच्या मुळ्या राखत बसलो, जळत.